चाखून दिलेला चहा

त्या घरात रोज सकाळी एक छोटंसं नाटक व्हायचं. प्रेक्षक दोन आणि नटी एक. सूनबाई फ्रिजमधून काचेचा मोठा जग काढायची, त्यातला लालभडक फळांचा चहा चमचाभर घ्यायची, डोळे मिटून जिभेवर घोळवायची आणि म्हणायची, "हं. बरोबर झालाय." मग तो चहा बर्फाच्या खड्यांसकट नवऱ्याच्या फ्लास्कमध्ये जायचा आणि नवरा फ्लास्क खांद्याला अडकवून कामावर जायचा. सासूबाई टेबलाशी बसून हे सगळं समाधानानं पाहायच्या.

नाटक अशासाठी म्हणायचं की तिला त्या चहाची चव कळतच नव्हती. चहाचीच काय, कशाचीच कळत नव्हती. हिवाळ्यात एक ताप आला, चांगला मुक्काम ठोकून राहिला आणि जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींची लवकर येते, काहींची उशिरा. तिची अजून आली नव्हती. संत्रं तोंडात टाकलं तर ओलं लागायचं, पाव टाकला तर मऊ. त्यापुढे काही नाही.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं गावभर रडून घेतलं असतं. तिची पंचाईत वेगळी होती. ती ज्या बेकरीत कामाला होती, तिथे तिला सगळे 'जीभ' म्हणत. क्रीममध्ये व्हॅनिला जास्त पडलाय का, लिंबाचा केक कडवट लागतोय का, सगळं तिच्यासमोर यायचं. "जिभेला विचारा," असं मालकसुद्धा म्हणायचे. अशा बाईनं 'मला चव कळत नाही' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं विचार केला, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवसांत जीभ परत येईल, कुणाला कळणारही नाही. तोपर्यंत ती रंगावरून, बोटांवरून आणि दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून निभावून नेत होती. घरीही बोलली नाही. आणि बोलायचं ठरवलं, नेमकं तेव्हाच नवऱ्याची साखर निघाली.

नवरा उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायचा. आकाशात टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा. खाली माणसं मुंग्यांएवढी आणि हातात दोन दांडे. एका दांड्यानं टनभर लोखंड उचलायचं आणि त्या माणसांच्या डोक्यांवरून फिरवून अलगद ठेवायचं. केबिन उन्हात तापायची, म्हणून तो वर जाताना थंड गोड पेयाच्या बाटल्या घेऊन जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या घेऊन उतरायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. कंपनीच्या तपासणीत व्हायचं तेच झालं. तिथले डॉक्टर मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत साखर खाली आणा, नाहीतर तुम्ही खाली या."

त्या वाक्यानं सूनबाईचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. वर असताना याला चक्कर आली तर? हातातला दांडा सुटला तर? खाली मुलाबाळांची माणसं उभी असतात. तिला स्वप्नात लोखंडाची मोळी झुलताना दिसायची आणि ती दचकून उठायची.

आहार सांगणाऱ्या बाईंनी तिला फळांचा गार चहा शिकवला. जास्वंदाच्या वाळलेल्या पाकळ्या आणि दालचिनीचा तुकडा, त्यावर उकळतं पाणी. झाकण ठेवून मुरू द्यायचं, गाळायचं. कोमट झालं की सफरचंदाच्या पातळ चकत्या, संत्र्याची साल, दोनचार स्ट्रॉबेऱ्या, पुदिना घालायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये. "रस पिळायचा नाही," बाईंनी बजावलं होतं. "रस पिळला की साखर आलीच. फळाचा नुसता वास उतरला पाहिजे. या चहाची सगळी गंमत वासात आहे." सूनबाईनं मान डोलावली. ज्या चहाची सगळी गंमत वासात, तो करणार कोण, तर जिला वासच येत नाही ती.

पहिले काही दिवस फ्लास्क अर्धा भरलेला परत यायचा. नवरा बोलायचा काही नाही. "जास्त काम होतं, प्यायला वेळच नाही मिळाला," एवढंच. पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यावरून तिला कळायचं. इतक्या निगुतीनं केलेला चहा ती सिंकमध्ये ओतून द्यायची आणि नळ मोठा सोडून रडून घ्यायची. उद्या हा माणूस परत बाटल्यांकडे वळणार, आणि चव सुधारावी तर कशी, आपल्याला चव म्हणजे काय तेच आठवेनासं झालंय!

आणि मग एके दिवशी फ्लास्क रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही रिकामा. "आज झक्क झाला होता," नवरा म्हणाला. तिला आभाळ ठेंगणं झालं. तिनं मनात म्हटलं, जीभ गेली तरी हात शाबूत आहे. तेव्हापासून फ्लास्क कायम रिकामाच यायचा, आणि ती रोज सकाळी आणखी आत्मविश्वासानं डोळे मिटून म्हणायची, "हं. बरोबर झालाय."

पण साखर काही ऐकेना. कोपऱ्यावरचा औषधवाला रविवारी बोट टोचून तपासून द्यायचा. पहिल्यांदा आकडा जरा उतरला होता. मग तिथेच थबकला. मग उलटा चढायला लागला. औषधवाला चष्म्यावरून तिच्याकडे असा बघायचा, जणू तीच नवऱ्याला मिठाई भरवतेय. "पथ्य नीट चाललंय ना, वहिनी?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा देते हो."

"मग बाहेर काही खातात का बघा."

झालं, तिच्या मनात पाल चुकचुकली. नवरा चोरून बाटल्या पितोय! तिनं त्याचे खिसे तपासले, पिशवी उलटी केली, शर्टाच्या बाह्यांवर डाग शोधले. नाक असतं तर हुंगूनही बघितलं असतं. काही सापडलं नाही. त्यानं तिची शंका आणखी वाढली, कारण काही न सापडणं म्हणजे माणूस सराईत असणं. जेवताना ती त्याच्याकडे एकटक बघत बसायची. तो विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही." आपल्या घराघरांतून या दोन वाक्यांवर किती संसार रेटले जातात, त्याला हिशेब नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बेकरीतून थेट बांधकामावर गेली. फाटकाशी पहारेकरी बसला होता. तिनं आडून आडून विचारायला सुरुवात केली, तसा तो हसला.

"वहिनी, साहेबांवर संशय घेऊ नका. बाटल्या कधीच बंद झाल्या. नुसता तो तुमचा लाल चहा. त्यातला घोटभरही आम्हाला देत नाहीत. म्हणतात, बायकोनं चाखून दिलाय, वाटायचा नाही."

तिनं वर पाहिलं. केबिन उन्हात चमकत होती. क्रेनच्या लांब हाताला लोखंडी सळ्यांची मोळी लटकत होती आणि सावकाश वळत होती. खाली पिवळ्या टोपीतली माणसं मान वर करून उभी होती. मोळी एका जागी येऊन जरा थांबली. जास्त थांबली का? नेहमी एवढी थांबते का? मग मोळी हलली, खाली टेकली, माणसं हुक काढायला धावली. माणूस चोरून खात नाही, म्हणजे दुखणंच आत मुरलंय, पथ्याला दाद देत नाही. चोरी परवडली असती असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी नवरा बूट काढता काढता सहज म्हणाला, "आज वर डोळ्यांपुढे जरा धूसर झालं होतं. क्षणभरच. ऊन फार आहे सध्या."

"मोळी थांबली होती तेव्हा?"

"तुला कसं माहीत?"

ती त्याचे बूट उचलून दाराशी ठेवायला गेली. कंपनीची तपासणी तोंडावर आली होती आणि तोवर हा रोज वर चढणार होता.

उलगडा झाला तो रविवारी दुपारी, आणि तोही मुंग्यांच्या कृपेनं. सकाळी नवरा मित्राकडे गेला होता, फ्लास्क बरोबर होता. परत आल्यावर त्यानं तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि धुवायचा राहून गेला. सूनबाई धुवायला गेली तर मुंग्यांची रांग. खिडकीच्या फटीतून निघालेली, कट्टा ओलांडून थेट फ्लास्कच्या झाकणाखालच्या रबरी कड्यात शिरलेली. अशी शिस्तीत आणि उत्साहात, जशी लग्नघरी वऱ्हाडी मंडळी.

बिनसाखरेच्या चहाला मुंग्या कशाला येतील?

तिनं कड्यात वाळत आलेला लाल थेंब बोटावर घेतला. जिभेला लावला नाही, तिचा काय उपयोग! अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं आणि हळूच दूर केलं. मधे बारीक तार आली. बेकरीत इतकी वर्षं तिनं पाक असाच तपासला होता. जिभेनं दगा दिला तरी बोटं विसरली नव्हती. एकतारी.

"अहो!" तिनं हाक मारली ती अशी की नवरा वर्तमानपत्र टाकून धावत आला. "यात काय मिसळता तुम्ही?"

"मी? कशात?"

"चहात. ही साखर आहे. मुंग्या बघा."

त्यानं मुंग्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा असा गोंधळलेला की तिचा संशय जागच्या जागी मेला. "साखर? अगं, मला वाटलं तू ते गोड थेंब घालतेस. बिनसाखरेचे असतात ना? आधी पाणचट लागायचा, मग एकदम मस्त लागायला लागला. म्हटलं, आहारवाल्या बाईंनी काहीतरी युक्ती सांगितली असेल."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं? तू रोज माझ्यासमोर चाखतेस. बरोबर झालाय म्हणतेस. डॉक्टर चुकतील, तुझी जीभ कशी चुकेल?"

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"साखर मी घातली."

सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. खरं तर हात कोरडेच होते. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि एकीकडे तोंड करून सांगू लागल्या. "सुरुवातीला तो फ्लास्क अर्धा आणायचा. तू चहा ओतून द्यायचीस आणि नळ सोडून रडायचीस. मला काय बहिरी समजलीस? नळाचं पाणी वेगळं आणि रडणं वेगळं. म्हटलं, पोरगी मरमर मरते आणि हा पठ्ठ्या पीत नाही. मग तू वाळत घातलेले कपडे आणायला गेलीस की मी एक चमचा टाकायची. चहा गरम असतानाच, म्हणजे विरघळते."

"एक चमचा?"

"आधी एक."

सासूबाईंचा चमचा म्हणजे दुसऱ्याचा डाव, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, मला साखर आहे," नवरा हताश होऊन म्हणाला.

"मला माहीत नाही होय? म्हणून तर बाटल्या सुटल्या पाहिजेत असं वाटलं. बाटलीपेक्षा हे बरं. आणि मी काही लपूनछपून खपवलं नाही. ही रोज सकाळी चाखत होती की! मी समोर बसून बघायची. पहिल्या दिवशी तर माझा जीव खालीवर होत होता, म्हटलं आता ओरडणार. तर ही म्हणाली, बरोबर झालाय. मी म्हटलं, चला, हिला चालतंय. समजून घेतलंन पोरीनं. तोंडानं बोलत नाही एवढंच." मग त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे सरळ पाहिलं. "पण खरंच, तुला कळलं कसं नाही गं?"

कट्ट्यावर मुंग्यांचं काम चालू होतं. सूनबाईला वाटलं, म्हणावं, सर्दी झाली होती. म्हणावं, घाईत लक्ष गेलं नाही. अशी उत्तरं हिवाळ्यापासून तिच्या जिभेच्या टोकावर तयार असायची, तेवढ्यापुरती जीभ चांगली चालत होती. पण तिला झुलणारी मोळी दिसली आणि तिच्याखालच्या पिवळ्या टोप्या दिसल्या.

"आई, मला चव कळत नाही," ती म्हणाली. "वासही येत नाही. तापापासून. मी रोज चाखते ते नुसतंच."

बोलून झाल्यावर ती खालीच बसली. नवऱ्यानं हळूच विचारलं, "म्हणजे ते सूप? मिठाचं?"

"खारट झालं होतं?"

"समुद्र होता, समुद्र. मी दोन वाडगे प्यायलो."

"का प्यायलात?"

"तू म्हणालीस, बरोबर झालंय."

ती हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाच कळलं नाही. या वेळी नळ नव्हता. सासूबाईंनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "एकमेकांना जपता जपता एक दिवस आपण कुणाचा तरी जीव घेऊ." गंमत म्हणून नव्हत्या म्हणाल्या. कुणी हसलंही नाही.

सूनबाईनं डोळे पुसले. "उद्या तुम्ही वर चढायचं नाही."

"उद्या नाही चढलो तर सगळ्यांना कळेल. तपासणी दोन दिवसांवर आहे. आता दोन दिवस साखर बंद केली की..."

"ती तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सांगते. आहारवाल्या बाई म्हणाल्या होत्या. आणि समजा नाही सांगितलं, समजा तुम्ही पास झालात, तरी डोळ्यांपुढे धूसर झालं ते झालंच ना?"

"अगं, सगळी उमर त्या केबिनमध्ये गेली माझी! खाली येऊन काय करू? हुक अडकवू? पोरं हसतील मला."

"हसू देत," ती म्हणाली. "बेकरीत मलाही हसणार आहेत."

तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखंच बंद केलं. बऱ्याच वेळानं आतून त्याचा फोनवरचा आवाज आला, मुकादमाशी बोलत होता. "...नाही, ऊन नव्हतं. साखर आहे. ... हो, वर असतानाच. ... उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बसवा." शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

तपासणीत व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी त्याला खाली आणलं, पुढच्या तपासणीपर्यंत. तो आता जमिनीवर उभा राहून हातांनी खुणा करायचा, वर घे, डावीकडे, थांब, आणि त्याच्या केबिनमध्ये बसलेला कालचा शिकाऊ त्या खुणांवर मोळ्या फिरवायचा. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, "खालून बघितल्यावर कळलं, मोळी किती मोठी असते."

तिनं बेकरीत सांगितलं. मालक ओरडले नाहीत, पण चाखायच्या टेबलावर दुसरी मुलगी आली आणि हिला केकवर क्रीमची फुलं काढायला बसवलं. हात तयार होता, फुलं छान व्हायची. तरी ती मुलगी चमचा तोंडात घालून डोळे मिटायची, तेव्हा हिला दुसरीकडे बघावं लागायचं. सगळे हिला अजून 'जीभ'च म्हणत. ते मात्र तिला सगळ्यात जास्त लागायचं.

घरात साखरेचा डबा शेजारणीकडे गेला. चहा रोज होत राहिला, जास्वंद, दालचिनी, सफरचंद, पुदिना. औषधवाल्याकडचा आकडा हळूहळू, कुरकुरत, उतरू लागला. पण दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. सूनबाई कपडे आणायला गेली तरी अर्ध्यातून परत येऊन स्वयंपाकघरात डोकावायची, आणि सासूबाई दोन्ही हात वर करून दाखवायच्या.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी तिघंही लवकर उठली. तिनं जग काढला, चमचा बुडवला आणि सासूबाईंच्या तोंडापुढे धरला. नवरा बुटाची नाडी हातात तशीच धरून थांबला.

सासूबाईंनी घोट घेतला. तोंड असं वेडंवाकडं केलं की काही विचारायची गरजच नव्हती. "पाणचट. नुसतं फुलं धुतलेलं पाणी. देवा रे, हे लेकराला प्यायला देतेस?"

"गोड नाही ना? नक्की?"

"गोडाचं नावसुद्धा नाही."

तरी तिनं दोन थेंब बोटावर घेतले, अंगठ्याशी घासले, दूर केले. तार आली नाही. पुन्हा एकदा बघितलं. मग जुन्या सवयीनं तिनं उरलेला चमचा स्वतःच्या तोंडात घातला, आणि तिचे डोळे आपोआप मिटले. ओलं लागलं, गार लागलं. त्यापुढे काही नाही. तिनं डोळे उघडले तर दोघंही तिच्याकडे पाहत होती.

"मला काहीच कळत नाही," ती म्हणाली.

नवऱ्यानं फ्लास्क पुढे केला. "मग बरोबर झालाय," तो म्हणाला. "भर."